आभार म्हणजे होकार नव्हे

१० सप्टेंबर १९३५

खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं सगळं. आत बायकांना जागा नव्हती. चहाचे कप घेऊन आत जायला मात्र होती!

सरकारचा माणूस प्रिटोरियाहून आला होता. गोरापान, उन्हानं नाक सोललेलं. दोन तास बोलला. मतलब एवढाच — केप प्रांतातल्या आमच्या पुरुषांना आजोबांच्या काळापासून जो मताचा हक्क आहे तो काढून घ्यायचा. गोऱ्यांच्या यादीत काळी नावं नकोत. त्या बदल्यात जमिनीचे थोडे तुकडे आणि आमचं एक मंडळ. मंडळानं काय करायचं? सल्ला द्यायचा. आणि सरकारनं काय करायचं? वाटलं तर ऐकायचं! हे त्यानं इतक्या गोड आवाजात सांगितलं की जणू आमच्या घरी बारसंच आहे.

मग माझे यजमान, ज्वारा, उठले. आमचं सगळं फोर्ट मार्लो गाव त्यांना कुळाच्या नावानंच हाक मारतं, मीही तशीच मारते. गिल्बर्ट म्कोबोली हे नाव फक्त आमच्या पेपरवर, संपादक म्हणून, आणि मतदारयादीत. काळा कोट, हातात काठी. आपल्या रीतीप्रमाणे बोलले — साहेब लांबून आले, शब्द घेऊन आले, त्यांचे आभार. शब्द आम्ही ऐकले. आता ते घरी नेतो, माणसांत बसतो, आणि मग उत्तर देतो.

सगळे म्हातारे घशातून हुंकारले. रीत पाळली गेली म्हणून मलाही बरं वाटलं. साहेबाच्या कारकुनानं भराभर काहीतरी लिहून घेतलं.

घरी येताना ज्वारा खुशीत होते. म्हणाले, "डिसेंबरपर्यंत वेळ मिळाला, माडलोमो. सगळ्या देशातले आपले लोक गोळा होतील तोवर." मलाही ते माझ्या माहेरच्या कुळाच्या नावानंच हाक मारतात, माडलोमो.


१७ सप्टेंबर

अंगाचा नुसता तिळपापड झालाय!

गोऱ्यांच्या पेपरात पहिल्या पानावर — "स्थानिक पुढाऱ्यांनी योजनेचं कृतज्ञतेनं स्वागत केलं." खाली ज्वारांचं नाव. 'वयोवृद्ध आणि समंजस संपादक' म्हणे! आणि "शब्द घरी नेतो, मग उत्तर देतो" हे कुठे गेलं? कारकुनाच्या शाईत बुडालं?

ज्वारांनी वाचलं आणि आधी हसले. "अगं, दारात आलेल्याला बसा म्हटलं म्हणजे घर लिहून दिलं का त्याला?"

मी म्हटलं, "त्याला कुठे माहीत आपली रीत?"

"तीन पिढ्या आपल्यावर राज्य करतात. एवढं कळायला नको?"

"कळतं हो त्यांना! चांगलं कळतं. म्हणून तर लिहिलं तसं."

तेव्हा कुठे त्यांचं हसू गेलं. पेपर घडी घालून ठेवला. मग बराच वेळ परसात मक्याच्या वाफ्याशी उभे होते. वाफ्यात अजून काही उगवलेलं नाही.


२५ सप्टेंबर

खुलासा लिहिला. त्यांचा पहिला खर्डा मी वाचला — "अत्यंत आदरपूर्वक", "नम्रपणे", "सरकारच्या सद्हेतूबद्दल शंका न घेता". मी पेन्सिल घेऊन तिन्ही खोडले. उरलं फक्त एक वाक्य! पण ते छान होतं — 'आभार म्हणजे होकार नव्हे.'

ज्वारा रुसले. म्हणाले, "तुझ्या हातात दिलं तर तू सरकारला शिव्याच घालशील."

घालीनच. कोणीतरी घालायला नको का?

गोऱ्यांच्या पेपरनं खुलासा छापला नाही. आम्ही आमच्यात छापला. खिळे मीच जुळवले. मिशनच्या छापखान्यात मुलीपणी शिकले ते आजवर कामी येतंय. पण आमचा पेपर वाचणार कोण — ज्यांना आधीच माहीत आहे तेच.


२९ सप्टेंबर, रविवार

चर्चबाहेर म्हातारा डुबुला उभा. गुरं भरपूर, दात थोडे, जीभ धारदार. सगळ्यांच्या देखत विचारतो, "काय ज्वारा, साहेबाचा चहा गोड होता ना?"

ज्वारा म्हणाले, "तूही प्यायलास की डुबुला. दोन कप."

"मी प्यायलो. पण मी आभार नाही मानले!"

लोक खो खो हसले. ज्वाराही हसले. दुपारी घेवडा घातलेला मका आवडीनं खातात, तो मात्र आज अर्धा टाकला.

मला डुबुलाचा राग नाही. त्याच्याही नावावर मत आहे. बापानं त्यासाठी गोल झोपडी पाडून चौकोनी घर बांधलं होतं. गोऱ्यांनी सांगितलं — वाचायला शिका, मत मिळेल. शिकलो. घर बांधा, मत मिळेल. बांधलं. मग म्हणाले, एवढ्या किमतीचं घर हवं. तेही केलं. आता सगळं करून झाल्यावर म्हणतात — पण तुमची कातडी! अरे, ती तर पहिल्या दिवशीही हीच होती. तेव्हाच सांगायचं होतंत!


१२ ऑक्टोबर

मिशनची जत्रा. मी जॅमच्या टेबलावर. मजिस्ट्रेटची बायको आली. तिला माझा जर्दाळूचा जॅम फार आवडतो. बरण्या निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही बायका उगीच मनाला लावून घेताय हं. तुम्हाला तर मत नव्हतंच. मग जाणार काय तुमचं?"

पाच वर्षांपूर्वी हिला मत मिळालं. गोऱ्या बायकांना सगळ्यांना — वाचता येवो न येवो, घर असो नसो. ही शुद्धलेखनात माझ्या चौथीच्या मुलींच्या मागे पडेल. मी बावीस वर्षं शिकवते आणि मला नाही. कारण एक तर बाई, त्यात काळी.

मी म्हटलं, "नवऱ्याचं घर जळालं तर बायको बाहेर उभी राहून शेकत बसते का, मॅडम?"

तिला ते समजलं नाही. हसली. दोन बरण्या घेतल्या.

तेव्हा, पाच वर्षांपूर्वी, ज्वारा मला म्हणाले होते, "आधी पुरुषांचं टिकू दे, मग तुमचं मागू." मी ऐकलं होतं. दोन्ही गेलं की मग काय मागायचं, हे त्यांना विचारायला हवं.


४ नोव्हेंबर

ऊन वाढलं. वर्गात लक्ष नाही. मुलींना भूगोल शिकवताना नकाशावर आमच्या लोकांसाठी ठेवलेल्या जमिनीवर बोट फिरवलं. बोटाखाली मावली!


२० डिसेंबर

ज्वारा ब्लुमफॉन्टेनच्या महासभेहून परतले. कपडे धुळीनं भरलेले, आवाज बसलेला, आणि डोळे! लग्नाच्या वेळी होते तसे डोळे!

चहा न पिता बोलत सुटले. चारशेच्या वर माणसं. झुलू, सोथो, त्स्वाना, आपले खोसा, केपचे, ट्रान्सवालचे, शहरातले, खेड्यातले, प्रमुख, मास्तर, पाद्री, कामगार संघटनावाले. पूर्वी एका सभेत हे लोक एकमेकांना नमस्कारही करत नसत. ठराव एकमतानं — मताचा हक्क सोडणार नाही, वेगळी यादी नको, नुसता सल्ला देणारं मंडळ नको. "एकमतानं, माडलोमो! कोणी बोटं मोजली नाहीत. सगळे बोलले, सगळ्यांचं ऐकलं, आणि शेवटी एकच उत्तर. आपल्या रीतीनं!"

त्यांच्याबरोबर वेलिंग्टन सिड्झुमो आलेला. माझा जुना विद्यार्थी, आता शेजारच्या शाळेत मास्तर. तो मात्र धुसफुसत होता. "बाई, ठराव छान झाला. पण शेवटी काय ठरलं? शिष्टमंडळ पाठवायचं! हातात टोपी घेऊन परत त्याच दारात!"

ज्वारा म्हणाले, "मग काय करायचं, दगड मारायचे?"

"नाही सर. जायचंच नाही. त्यांच्या मंडळावर बसायचं नाही, त्यांच्या सभेला जायचं नाही, त्यांचे आभार मानायचे नाहीत."

 वेलिंग्टनच्या लक्षात आलं आणि त्यानं जीभ चावली. मी म्हटलं, "जेवायला बसा दोघं." आंबवलेलं दूध आणि भाकरी वाढली. जेवता जेवता ज्वाराच म्हणाले, "पोरगा खरं बोलतोय. पण मला अजून एकदा विचारून बघायचंय."

आज मला हा माणूस फार आवडला. लिहून ठेवते, रोज आवडत नाही.


२ फेब्रुवारी १९३६

ज्वारा शिष्टमंडळाबरोबर केपटाऊनला गेले. कोट मी इस्त्री केला. स्टेशनवर पेपरचे सगळे वर्गणीदार निरोप द्यायला. डुबुलासुद्धा! म्हणतो, "ज्वारा, या वेळी चहा पिऊ नकोस."


१९ फेब्रुवारी

परत आले. सामान ठेवलं, हात धुतले, बसले. 

मी विचारलं, "भेटला का पंतप्रधान?"

"भेटला."

"मग?"

"चांगला वागला. बसायला खुर्च्या दिल्या."

खुर्च्या! मला तिथेच कळलं.

हळूहळू बाहेर आलं. नावं पूर्ण काढून टाकणार नाहीत. एक वेगळी यादी करतील, फक्त काळ्यांची. त्या यादीतले लोक तीन गोरी माणसं निवडून संसदेत पाठवतील. याला तडजोड म्हणतात! आपल्या माणसांच्या वतीनं संसदेत बोलणारे तीन गोरे. आणि बाकी सगळं तसंच — मंडळ, सल्ला, जमिनीचे तुकडे.

मी म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात ना?"

"शिष्टमंडळ म्हणालं, ठराव बदलायचा अधिकार आम्हाला नाही."

"तुम्ही! तुम्ही काय म्हणालात?"

"मी गप्प बसलो."

आपल्याकडे बैठकीत गप्प बसणं म्हणजे अजून विचार चालू आहे. पण तिथे पलीकडे कोण बसलं होतं? ज्यांना आभारसुद्धा होकार वाटतो, त्यांना गप्प बसणं काय वाटलं असेल! हे मी ओरडून सांगितलं. भांडी आपटली. शेजारची सोफी कुंपणाशी येऊन उभी राहिली, तिलाही हाकलली.

मग रडले. राग आला की मला रडू येतं आणि त्याचा अजून राग येतो.


७ एप्रिल

झालं. काल दोन्ही सभागृहं एकत्र बसली आणि कायदा पास केला. विरोधात अकरा जण. अकरा! एवढ्या मोठ्या संसदेत अकरा माणसांना लाज होती.

ज्वारांनी सकाळी कोट घातला आणि मजिस्ट्रेटच्या कचेरीत गेले. मला वाटलं भांडायला. पण ते जुनी मतदारयादी बघायला गेले होते. एकदा नाव बघायचं होतं म्हणे. कारकुनानं दाखवली नाही. 'यादी जुनी झाली, आता तिचा उपयोग नाही' म्हणाला.

परत येऊन खाटेवर बसले, बूटही न काढता. "माझे वडील एकदा मत द्यायला पूर आलेल्या नदीतून गेले होते," म्हणाले. "अंगावरचा एकुलता एक चांगला शर्ट डोक्यावर बांधून. गोरा उमेदवार पलीकडे उभा. त्यानं हात देऊन वर ओढलं आणि म्हणाला, थँक यू सर. सर म्हणाला माझ्या वडिलांना."

मी त्यांचे बूट काढले. आज चिडायलाही अंगात जोर नाही.


९ एप्रिल

आला जोर! त्यांचा अग्रलेख वाचला — 'संयम आणि आशा'. संयम! ज्यानं मानेवर सुरी ठेवली त्याच्यासमोर मान न हलवणं म्हणजे संयम! मी खिळे जुळवले खरे, पण दात आवळून.


१५ ऑगस्ट

वेलिंग्टनची बदली. कुठल्या तरी डोंगरातल्या शाळेत, जिथे रस्ताही नाही. इन्स्पेक्टरनं कारण दिलं नाही. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, सरांना सांगा, मंडळात जाऊ नका. त्यांना बोलावतील बघा. अशाच चांगल्या माणसांना बोलावतात."

मी म्हटलं, "ज्वारा? छे! ब्लुमफॉन्टेनच्या ठरावात त्यांचाही शब्द आहे."

"हो बाई," म्हणाला. एवढंच. मी बांधून दिलेला पाव घेतला आणि गेला.


२१ फेब्रुवारी १९३७

आमच्या चर्चचे रेव्हरंड माग्वा आज येऊन गेले. जूनमध्ये मंडळाची निवडणूक. ज्वारांशी व्हरांड्यात बसून बोलले, मी गेले की विषय हवेवर. हवेवर! बाहेर वारासुद्धा नव्हता.

तीन कप प्यायले रेव्हरंड. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माडलोमो, देशाला ज्वारांची गरज आहे." मी हात सोडवून घेतला आणि कप उचलले.


६ मार्च

आज त्यांनीच सांगितलं. उभे राहणार.

मी परसात कपडे वाळत घालत होते. चिमटे तोंडात. लगेच बोलता आलं नाही ते बरंच झालं.

"ऐकून घे आधी," म्हणाले. "खुर्ची ठेवलीच आहे त्यांनी. आपण नाही बसलो तर ती रिकामी राहणार नाही. मजिस्ट्रेटचा कोणीतरी लाडका येऊन बसेल. तो मान हलवेल आणि सगळ्या आफ्रिकेच्या नावानं होकार जाईल. मी निदान नाही म्हणेन. दर बैठकीत नाही म्हणेन. ते लिहून ठेवावं लागेल त्यांना."

चिमटे काढले तोंडातले. "लिहून! तुमचे आभार काय लिहिले होते त्यांनी, विसरलात? तुमचं 'नाही'सुद्धा ते असंच लिहितील. आणि लोकांना दाखवतील — बघा, म्कोबोली बसलाय इथे. केपचा समंजस म्हातारा! मंडळ वाईट असतं तर बसला असता का?"

"वेलिंग्टनसारखं बाहेर उभं राहून काय होतं? डोंगरात पाठवला त्याला."

"त्याच्या नावानं कोणी होकार लिहिला नाही!"

"आणि ज्याच्या नावानं कोणी काहीच लिहीत नाही, तो आहे कुठे? संपला!"

मग खूप वेळ भांडलो. शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात काही नव्हतं असं नाही. खुर्चीवर कोण बसेल याचा विचार मीही रात्ररात्र केलाय. पण दाराला कुलूप लावणाऱ्यानंच अंगणात खुर्ची टाकलीय — तिच्यावर बसून दाराबद्दल सल्ला द्यायचा!

मी म्हटलं, "हक्क परत मागायचा असेल तर आधी ही भीक नाकारा. सोडा ती खुर्ची."

तेव्हा ते म्हणाले, "तू कधी मतपेटीत चिठ्ठी टाकली नाहीस, माडलोमो. म्हणून तुला सोडून देणं सोपं वाटतं."

सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला असं कधी बोलला नव्हता. ओला टॉवेल हातातून मातीत पडला. त्यांनी तो उचलला, झटकला, दोरीवर घातला. वाकडा घातला.


७ मार्च

बोलत नाही.


८ मार्च

ते 'चहा दे' म्हणाले. दिला. बोलत नाही.


१४ मार्च

विचार करतेय त्या वाक्याचा. आधी वाटलं, किती जिव्हारी लागलं. आता वाटतं, बरं झालं बोलले. मी चिठ्ठी टाकली नाही कारण टाकू दिली नाही — गोऱ्यांनी नाही, आणि "मग तुमचं मागू" म्हणणाऱ्या आमच्या पुरुषांनीही नाही. ज्यांच्याकडे ती चिठ्ठी होती ते आज खुर्चीसाठी तिचा सौदा करायला निघालेत. ज्यांच्याकडे कधीच नव्हती त्यांच्याकडे सौदा करायला काही नाही. म्हणून कदाचित आम्हालाच स्पष्ट दिसतं.

हे कुठेतरी बोलायला हवं. बायकांच्या प्रार्थनासभेत बोलले. सोफी म्हणाली, "नवऱ्याविरुद्ध?" मी म्हटलं, "मंडळाविरुद्ध. नवरा त्यात जाऊन बसला तर मी काय करू!" बायका हसल्या. पण शेवटी म्हातारी मात्शोबा म्हणाली, "हसू नका गं. माझ्या मुलालाही खुर्ची हवीय."


१८ एप्रिल

ज्वारा घोड्यावरून गावोगाव फिरतात. प्रमुखांना भेटतात, बैठका घेतात. दमून येतात. पाय सुजतात. मी गरम पाण्यात मीठ घालून देते. आम्ही आता बोलतो — पाण्याबद्दल, पायाबद्दल, मुलींच्या परीक्षेबद्दल. मंडळाबद्दल नाही.

ते लबाड नाहीत. खुर्चीचे लोभी नाहीत. म्हणूनच जास्त राग येतो! लबाड असते तर सोपं होतं.

या आठवड्याचा अग्रलेख लिहायला त्यांना वेळ नाही. म्हणाले, "काहीतरी टाक गं जुनं. शेतीवर वगैरे."


२ मे

शेतीवर नाही टाकलं. अग्रलेख मीच लिहिला — 'मंडळावर बहिष्कार घाला. ज्वारांनाही निवडून देऊ नका.' खाली माझं नाव. पूर्ण नाव, नोबांतू म्कोबोली. खिळे जुळवले, प्रूफ काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. दोन चुका दुरुस्त केल्या. मग प्रूफ माझ्या हातात देऊन म्हणाले, "आतल्या पानात नको. पहिल्या पानावर घे. आतलं कोणी वाचत नाही."

आणि टोपी घालून प्रचाराला गेले.